पाचवी क्लिप

शैलेशने काउंटरवर बॉनेटला लावायच्या तीन पट्ट्या शेजारी शेजारी मांडल्या आणि विचारलं ते सोनियाला. "ताई, यातली कुठली लावायची? काळी, धुरकट, का ही पांढरी?"

सिद्धू तिच्या बाजूलाच उभा होता. पिरंगुटातल्या या दुकानात तो पंधरा वर्षं येत होता. हॉर्न, आरसे, सीटची कव्हरं, मागच्या फाळक्याच्या साखळ्या, पिकअपला जे काही लागलं ते त्याने इथूनच नेलं होतं. आजही आल्याआल्या शैलेशने "या सिद्धूभाऊ" म्हटलं होतं, तब्येतीची चौकशी केली होती, स्टूल पुढे सरकवलं होतं. पण मग त्याने मान वळवली आणि तो सोनियाशी बोलायला लागला तो बोलतच राहिला.

"यांना विचारा," सोनिया म्हणाली. "गाडीतलं त्यांना कळतं."

ती हे मनापासून म्हणाली, आणि म्हणूनच सिद्धूला ते जास्त लागलं.

भाताच्या कापणीचे दिवस होते. त्यांच्या माले गावापासून पौडपर्यंत रस्त्याच्या दोन्ही अंगाला खाचरं, आणि दिवेलागणीला त्यातून उठणारे तुडतुडे, चिलटं, पाकोळ्या सगळे गाडीच्या उजेडावर यायचे. समोरची काच किड्यांनी भरून जायची. वायपर फिरवला की त्यांचा पांढुरका चिकटा काचभर पसरायचा आणि समोरून येणाऱ्या गाडीचा उजेड त्यात फुटायचा. आठ दिवसांपूर्वी कासार आंबोलीच्या वळणावर सोनियाला काहीच दिसेना, तेव्हा गाडी बाजूला घेऊन तिने पदराने काच पुसली होती. हे तिने माणमधल्या एका गिऱ्हाइकाला, जुईली मॅडमला, सांगितलं. त्या तिथल्या कंपनीत कामाला होत्या आणि रोज तिच्याकडून भाजी घ्यायच्या. त्यांच्या भावाच्या गाडीला बॉनेटच्या पुढच्या कडेवर अशी एक उभी पट्टी होती. वारा तिला आपटून वर चढतो आणि किडे काचेवरून उडून जातात, असं त्यांनी समजावलं, फोटोही पाठवला. सोनियाने तो फोटो सिद्धूला दाखवला तेव्हा तो म्हणाला होता, अठरा वर्षं गाडी चालवली, मला कधी असलं काही लागलं नाही. सोमवारी तिची सुट्टी असायची. सोमवारी म्हणाली, चला, पिरंगुटाला जाऊन येऊ.

सिद्धूने काळी उचलली. तिन्हींत ती सगळ्यात उंच होती, वीतभर तरी.

"ही घे. जेवढी उंच तेवढा किडा वर उडतो."

शैलेश काही बोलणार होता, पण त्याने सोनियाकडे पाहिलं. तिने पट्टी हातात घेतली, बाहेर गेली, शैलेशला ती बॉनेटवर धरायला सांगितली आणि स्वतः चालकाच्या जागेवर जाऊन बसली. थोडं पुढे वाकली, परत सरळ झाली. मग उतरून आली.

"मला म्होरचा रस्ता दिसत न्हाई हिच्यातनं," ती म्हणाली. "दुचाकी जवळ आली की झाकून जाती."

सिद्धूच्या ते डोक्यातच आलं नव्हतं. तो तिच्यापेक्षा हातभर उंच. तो चालवायचा तेव्हा सीट अगदी मागे असायची. आता ती रुळावरून पुढे ओढलेली होती आणि तिच्यावर घडी घातलेली गोधडी होती. मधला आरसा खाली वळवलेला होता. तो आता त्या जागेवर बसला असता तर त्याचे गुडघे स्टिअरिंगला लागले असते. गाडी कुणाच्या डोळ्यांसाठी लावलेली आहे हे त्याला रस्त्याच्या कडेला, शैलेशसमोर, उघड दिसलं.

तिने धुरकट, बुटकी पट्टी घेतली. अर्ध्या तासात बसवून देतो, शैलेश म्हणाला. क्लिपा लावायच्या, भोकं पाडायची गरज नाही.

"बसवायची मी बसवतो," सिद्धू म्हणाला. "घरी."

दोन वर्षांपूर्वीपर्यंत मालेत पिकअप म्हटली की सिद्धू. त्याच्या बापाने जन्मभर मेंढरं राखली. पावसाळा संपला की तळावरून तळावर हिंडायचं, पावसाळ्याच्या तोंडाला परत यायचं. सिद्धूला ते नको होतं. विसाव्या वर्षी तो दुसऱ्याच्या टेम्पोवर लागला आणि पुढे स्वतःची पिकअप घेतली. लोकांची मेंढरं बाजाराला न्यायची, भात गिरणीवर टाकायचा, लग्नाची भांडी आणायची. चाकण, तळेगाव, मंचर, सगळे बाजार त्याला पाठ होते. मागच्या फाळक्यावर त्याचा फोन नंबर रंगवलेला होता आणि तो गावातल्या म्हाताऱ्यांनाही तोंडपाठ होता.

मग एका दुपारी, मालेच्या अलीकडच्या सरळ रस्त्यावर, त्याला फिट आली. गाडी चरात गेली. मागे चार पोती भात होता, माणूस कुणी नव्हतं. पुण्याच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि सांगितलं की गाडी चालवायची नाही, सलग वर्षभर फिट आली नाही तर बघू.

त्याला वाटलं, वर्षभराचा प्रश्न आहे. तेवढ्यापुरती गाडी दारात सडायला नको म्हणून त्याने सोनियाला शिकवलं. कापणी झालेल्या खाचरात, सकाळी सकाळी, बांधाच्या आतल्या आत. ती दहावीपर्यंत शिकलेली, लायसनची परीक्षा पहिल्या फटक्यात पास झाली. पहिले सहा महिने ती प्रत्येक गोष्टीला त्याला फोन करायची. गाडी बाजूला उभी करून विचारायची, अवो, डावीकडनं कुईकुई येतंय, काय असंल? काटा लाल रेघेकडे चाललाय, काय करू? तो शेळ्यांमागे उभा राहून फोनवर नुसता आवाज ऐकायचा आणि सांगायचा, पट्टा सैल झालाय, पाणी बघ, बूच गार झाल्याबिगर उघडू नको. त्या दिवसांत त्याला फार वाईट वाटत नव्हतं. गाडी तीच चालवत होती, पण त्याच्यामार्फत.

पहिलं वर्ष अकरा महिन्यांवर मोडलं. तो गोठ्यात पडला. दुसऱ्या खेपेला आषाढापर्यंत सगळं नीट गेलं आणि श्रावणात पुन्हा फिट आली. मोजणी परत पहिल्यापासून.

तोवर सोनियाने मेंढरांची भाडी सोडून दिली होती. गावातली भाजी आणि तांदूळ गोळा करून ती माणला सोसायटीच्या फाटकाशी नेऊन विकत होती. दुपारी एकला निघायची, अंधार पडायच्या सुमाराला परत. फाळक्यावरचा नंबर पुसून तिचा रंगवला, कारण फोन तिलाच घ्यावे लागत. लोक दारात येऊन त्याला विचारायचे, वहिनी हायेत का? माणमध्ये रस्ता कुठे खणलाय, कुठल्या गल्लीतून वळसा पडतो, हे ती जेवताना सांगायची आणि तो न पाहिलेल्या रस्त्यांविषयी ऐकत बसायचा. आईच्या, बयाबाईच्या, बारा शेळ्या आता तोच राखत होता. तिच्या हातांना डिझेलचा वास यायचा आणि त्याच्या हातांना शेळ्यांचा. कधी कधी ती झोपलेली असताना तो तिच्या तळहाताकडे बघायचा. गिअरच्या दांड्याने तिथे एक छोटा घट्टा पडला होता. अगदी तसाच त्याच्या हातावरचा मऊ पडत चालला होता.

मंगळवारी सकाळी शेळ्या न सोडता त्याने पट्टी बसवायला घेतली. बॉनेट साबणाने धुतलं, कोरडं केलं, कडेखालची माती काथ्याने काढली. पाच क्लिपा होत्या. क्लिप बॉनेटच्या कडेत अडकवायची, मध्ये रबराची चकती ठेवायची, वरून पट्टी बसवायची, मग स्क्रू. जास्त आवळला तर पट्टीला तडा जातो, कमी आवळला तर वाऱ्याने खडखडते. सोनियाने पट्टी बसवायचा व्हिडिओ फोनवर शोधून त्याच्यापुढे धरला, तर त्याने बघितला नाही. हाताला कळतं, म्हणाला. आणि हाताला कळतच होतं. दोन्ही टोकांच्या दोन, मग मधली, मग डावीकडची. पट्टी अशी बसली की जणू कारखान्यातूनच लावून आली होती. कितीतरी दिवसांनी त्याला बरं वाटत होतं.

तेवढ्यात सोनियाचा फोन वाजला. ती ओट्यावर भेंडी निवडत होती. बोलता बोलता हसली. जुईली मॅडम असतील, नाहीतर दुसरं कुणी. "व्हय, आज लावून येते," ती म्हणत होती. "बघाच तुमी." मग पुन्हा हसली. हे हसणं त्याच्या ओळखीचं नव्हतं. तो सोळा वर्षं संसार करत होता आणि हे हसणं माणमधल्या फाटकावर तयार झालं होतं.

त्याच्या हातात पाचवा स्क्रू होता. उजव्या बाजूचा, चालकाच्या समोरचा. त्याने तो लावला, फिरवला आणि दोन आटे राहिले असताना पेचकस काढून घेतला.

तिला इजा व्हावी असं त्याच्या मनात नव्हतं. त्याने एवढाच विचार केला की पट्टी खडखडेल. पौडच्या पुढे कुठेतरी ती गाडी थांबवेल आणि फोन करेल, अवो, उजवीकडनं आवाज येतोय, काय असंल? मग तो फोनवरून सांगेल, कुठली क्लिप, कुठला पेचकस, किती फेरे.

एक वाजता ती निघाली. साडीवर त्याचा जुना शर्ट घातलेला, मागे भाजीच्या क्रेट. जाताना बॉनेटवर हात फिरवून म्हणाली, झ्याक बसलीय.

तो शेळ्या घेऊन माळावर गेला. तिथून खालचा रस्ता दिसायचा. फोन त्याने वरच्या खिशात ठेवला. दीड वाजला. ती पौडला पोचली असेल. दोन वाजता त्याने फोन काढून रेंज आहे का ते पाहिलं. होती. सव्वादोनला त्याला वाटलं, आवाज ऐकू आला नसेल. अडीचला वाटलं, आवाज ऐकू आला आणि तिने केला नाही फोन. शैलेशकडे थांबली असेल. शैलेशने हसत स्क्रू आवळून दिला असेल आणि म्हणाला असेल, सिद्धूभाऊंचा हात गेला आता. हे चित्र त्याला इतकं स्पष्ट दिसलं की त्याने हातातली काठी दगडावर आपटली.

मग खालून एक गाडी जोरात गेली आणि तिच्या मागे एक मोटरसायकल, मागे बाई, मध्ये लहान पोर. तेव्हा त्याला पहिल्यांदा ते सुचलं. घोटवडे फाट्यापुढे रस्ता चांगला होता, तिथे सोनिया साठने चालवायची. एक क्लिप सुटली की वारा खाली शिरतो, मग दुसरी सुटते. सुटलेली पट्टी मागे उडते. मागे कोण असेल ते काय सांगावं.

त्याने तिला फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. चालवताना फोन उचलायचा नाही, हे त्यानेच तिला शिकवलं होतं.

शेळ्या घरी आणून आईच्या स्वाधीन केल्या. कुटं निघालास, तिने विचारलं. माणला, एवढंच तो म्हणाला आणि पेचकस व पाना खिशात टाकून रस्त्यावर आला. पौडपर्यंत एका ओळखीच्या दूधवाल्याने मोटरसायकलवर मागे घेतलं. पुढे फाट्यापर्यंत बस. खिडकीशी बसून तो रस्त्याची कड बघत राहिला. कचऱ्यात चमकणारं प्रत्येक काळपट प्लास्टिक त्याला पट्टीचा तुकडा वाटायचं आणि जवळ आल्यावर ती बाटली निघायची. फाट्यावरून सहा आसनी रिक्षा मिळाली. माणमध्ये त्याने दोन वर्षांत पाय ठेवला नव्हता. जिथे एका माणसाची ज्वारी त्याने भरली होती तिथे सोळा मजले उभे होते. सोसायटीचं फाटक दोघांना विचारून सापडलं.

पिकअप फाटकाच्या बाजूला, झाडाखाली उभी होती. पट्टी बॉनेटवर होती.

फाळका खाली पाडलेला आणि त्यामागे सोनिया वजन करत होती. सात-आठ गिऱ्हाइकं. कुणी हिंदीत विचारत होतं, तिला ते कळत होतं आणि तीही तोडकं हिंदी बोलत होती. सिद्धू गाडीच्या तोंडाशी गेला. पाचव्या क्लिपेवर अंगठा ठेवून दाबला. ती हलली नाही. स्क्रू घट्ट होता. नेमका घट्ट, तडा जाणार नाही एवढा.

सोनियाने त्याला पाहिलं. तिचा हात थांबला, मग तिने समोरच्या बाईला पिशवी दिली.

"ताई, हे कोण?" त्या बाईने विचारलं. गळ्यात कंपनीचं ओळखपत्र होतं.

"आमचे मालक."

"अय्या, हो? यांनीच तुम्हाला गाडी शिकवली ना?" मग ती सिद्धूकडे वळली. "मी जुईली. ताई नेहमी सांगतात तुमच्याबद्दल. नुसत्या आवाजावरून बिघाड ओळखता म्हणे तुम्ही."

सिद्धूने हात जोडले. ती बाई गेली, पण तिचं बोलणं तिथेच राहिलं आणि दुपारपासून मनात रचलेलं सगळं त्याच्यापुढे ओंगळ होऊन बसलं.

गर्दी जरा कमी झाल्यावर सोनिया पाण्याची बाटली घ्यायला पुढे आली.

"कुटं आवळलीस?" त्याने विचारलं.

"पौडच्या अलीकडं. टरटर वाजाय लागली. बाजूला घेतली, पेचकस काढला."

"फोन का न्हाई केलास?"

ती पाणी प्यायली. बाटलीचं झाकण लावलं. "करणार हुते. मग बघितलं तर चार घट आन् एक ढिली. तुमच्या हातनं असं ऱ्हात न्हाई." ती त्याच्याकडे बघत होती. "मुद्दाम ठेवलीवती का?"

नाही म्हणता आलं असतं. घाईत राहिली म्हणता आलं असतं. तिने ते ऐकून घेतलंही असतं.

"व्हय," तो म्हणाला.

"का?"

"तू फोन करशील म्हणून. पयल्यासारखा."

फाटकातून एक मुलगा सायकल घेऊन बाहेर पडला, तो जाईपर्यंत सोनिया त्या मुलाकडे बघत राहिली.

"मागं गाडीवर लेकरं बसलेली असत्यात," ती म्हणाली. "त्यांच्यावर गेली असती तर?"

"म्हणूनच आलो."

"लई उशिरानं सुचलं."

तिला कुणीतरी हाक मारली. ती मागे गेली. जाता जाता म्हणाली, मेथीच्या पेंढ्या सोडा तेवढ्या. तो क्रेटशी उभा राहून पेंढ्या सोडू लागला, ओलं गोणपाट झटकून पुन्हा झाकू लागला. दोघं सवा तास शेजारी उभे होते आणि ती त्याच्याशी एक शब्द बोलली नाही. गिऱ्हाइकांशी मात्र नेहमीसारखी बोलत होती.

परतीला तो डाव्या बाजूला बसला. पिरंगुटाला ती डिझेल भरायला थांबली. पंपावर जनार्दन होता, पूर्वी सिद्धूबरोबर मेंढरांची भाडी केलेला जुना ड्रायव्हर. खिडकीत वाकून तो हसला. काय सिद्धू, आता बायकोच्या शेजारी बसून हिंडतोस व्हय?

पूर्वी असं कुणी म्हटलं की सिद्धू दुसरीकडे बघायचा, नाहीतर डॉक्टरांनी सांगितलेलं वर्ष कधी संपतंय ते ऐकवायचा.

"व्हय," तो म्हणाला. "माज्यापेक्षा बरी चालवती ती."

जनार्दनने बॉनेटवरची पट्टी बघितली, छान आहे म्हणाला आणि आपल्या गाडीकडे गेला. असं म्हटल्याने सिद्धूच्या आतलं शल्य गेलं नाही. ते जिथल्या तिथे होतं, दाढेत अडकलेल्या शितासारखं. पण तोंडातून शब्द निघून गेले होते आणि सोनियाने ते ऐकले होते. तिने किल्ली फिरवली.

पौड मागे पडल्यावर खाचरं सुरू झाली. उजेड अजून थोडा होता. गाडीच्या दिव्यांच्या झोतात किडे वाऱ्यावर धरलेल्या तुसासारखे यायला लागले. बॉनेटपाशी येऊन ते एकदम वर उचलले जायचे आणि काचेवरून, टपावरून निघून जायचे. दहातला एखादा काचेच्या वरच्या कडेला चिकटायचा. समोरचा रस्ता स्वच्छ होता. चढाला तिने तिसरा गिअर तसाच ठेवला. दुसरा टाक, असं त्याच्या जिभेवर आलं. तोवर इंजिनने चढ न कुरकुरता काढलाही.

"पुन्यांदा मनात आलं तर मला सांगा," सोनिया रस्त्यावरची नजर न काढता म्हणाली. "त्या दिवशी मी गाडी काडणार न्हाई. पन स्क्रू ढिला ठिवायचा न्हाई."

"न्हाई ठिवणार."

"मला लई राग आलाय."

"व्हय."

तिने गाडी मालेत वळवली तेव्हा अंधार पडला होता.

गोठ्याची भिंत आणि फणस यांच्या मधल्या जागेत गाडी उलटी घालावी लागायची. गेली दोन वर्षं सोनिया ती एकटीच घालत होती, आरशात बघून, एका दमात. आज ती वळण घेऊन थांबली तेव्हा सिद्धू दार उघडून उतरला आणि मागे जाऊन भिंतीशी उभा राहिला. मागच्या दिव्यांचा लाल उजेड त्याच्या अंगावर पडला. गोठ्यात शेळ्या हलल्या. त्याने हात वर केला.

"येऊ दे," तो म्हणाला. "येऊ दे. आनखी. येऊ दे."

गाडी हळूहळू मागे आली. नेहमीपेक्षा बरीच हळू. त्याने तळहात उघडून पुढे धरला आणि फाळका त्याच्या तळहाताला लागायला बोटभर राहिला असताना सोनियाने ब्रेक दाबला.